सहांपैकी चार

ता. ४, सोमवार

मालकीणबाईंनी आज दोन वस्तू हातात ठेवल्या. हॉटेलच्या नव्या हॉलची किल्ली आणि एक जाडजूड रजिस्टर. किल्ली मी कमरेला खोचली. रजिस्टरमध्ये सहा नवशिक्या वेटरांची सहा पानं आहेत. ज्याची जी चूक होईल ती रोज त्याच्या पानावर लिहायची. माझ्या मनात काय चाललंय ते लिहायला त्यात रकाना नाही, म्हणून ही वही वेगळी. सत्तावीस वर्षं लोकांच्या पुढ्यात ताटल्या ठेवल्या, डायरी कधी लिहिली नाही. आता लिहिते, कारण हे कुणाजवळ बोलण्यासारखं नाही.

मामला सरळ आहे. तीन आठवड्यांत सहा जणांना तयार करायचं. तेवीस तारखेला, शनिवारी दुपारी, एका मोठ्या कंपनीची साठ माणसं जेवायला येणार, तीच परीक्षा. पंचवीसला मी चार नावं द्यायची. चौघं कायम, दोघं घरी. मालकीणबाई म्हणाल्या, शब्द तुमचा शेवटचा, मी फक्त रजिस्टर बघीन.

सहा जण असे. दोन सख्खे भाऊ, दिवसभर एकमेकांना कोपरं मारतात. एक लंबू, दारातून वाकून आत येतो. एक मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, घरी बसवत नाही म्हणून आलेले. एक चष्मेवाली पोरगी, बोलणं कमी. आणि सहावे माझे जावई.

मालकीणबाईंना हे ठाऊक नाही. अर्ज त्यांचा त्यांनी दिला, मुलाखत बाईंनी घेतली, मी मध्ये नव्हते. एवढं मात्र खरं की जागा निघाल्याचं लेकीला मीच सांगितलं होतं. आधीच माझे गुडघे, घराचं भाडं, त्यात हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.

ता. ५, मंगळवार

पहिला धडा चालण्याचा. खोलगट प्लेट काठोकाठ पाण्याने भरायची, दोन्ही हातांत एकेक घ्यायची आणि हॉलला तीन फेऱ्या मारायच्या. सांडलं की पहिल्यापासून. भावांनी फरशी धुऊन काढली. लंबूचं पाणी बाहीत गेलं. मास्तर इतके सावकाश चालले की सूप असतं तर त्याचं आइस्क्रीम झालं असतं. चष्मेवालीने एक थेंब सांडला नाही. विचारलं, कुठे शिकलीस गं? म्हणाली, लाँड्रीत होते, इस्त्रीचे गठ्ठे जिन्यावरून वर न्यायचे, चुरगळले की पुन्हा इस्त्री. भाऊ-वहिनीकडे राहते. नोकरी लागली की स्वतःची खोली घेणार आहे. मी म्हटलं, लागेल. असं आधी बोलू नये, पण बोलून गेले.

जावयांनीही सांडलं नाही, फक्त दोन्ही अंगठे पाण्यात बुडवून आणले. प्लेट तळहातावर तोलायची, अंगठा कडेला बाहेर. उद्या तो अंगठा लोकांच्या सुपात जाईल. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

कारण रविवारीच लेकीने फोनवर घातलेली शपथ. "आई, चारचौघांत त्यांना काही बोलू नकोस. आठ महिने घरात बसून माणूस अर्धा झालाय. तू बोललीस तर ते दुसऱ्या दिवशी येणार नाहीत." ही नोकरी लागली नाही तर ते दोघं जावयांच्या भावाच्या गावी जाणार, भावाच्या घरात राहायला. म्हणजे माझी लेक जावेच्या हाताखाली, जन्मभर. छापखान्यात पंधरा माणसं जावयांच्या हुकमात होती. छापखाना बंद पडला, हुकूम राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं.

ता. ६, बुधवार

सापडला उपाय. इतकी वर्षं काय झोपले होते मी?

जावई आणि चष्मेवाली शेजारी शेजारी उभे होते, दोघांच्या हातात प्लेट. यांचा अंगठा आत. मी चष्मेवालीकडे बघून कडाडले, "अंगठा. सुपात अंगठा घालून आणलास तर पाहुण्याने सूप प्यायचं की तुझा अंगठा धुऊन प्यायचा?" तिने दचकून हाताकडे बघितलं. आणि यांनी हळूच अंगठा बाहेर काढला. लेकी बोले सुने लागे. मुद्दा पोचला, मानही राहिला.

माझ्या सासूने मला असंच वळण लावलं. भाकरी माझी करपायची, ओरडा नणंदेला. मी निमूट समजून घ्यायची. सासूचा आवाज माझ्यावर कधी चढला नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते. नणंद मात्र लग्न होऊन गेली ती पुन्हा माहेरी फिरकली नाही. पहिल्यापासूनच तिरसट ती.

संध्याकाळी रजिस्टर भरलं. अंगठ्याची चूक चष्मेवालीच्या पानावर टाकली. सगळ्यांच्या देखत तिला बोलले, मग तिच्या पानावर नको? नाहीतर उद्या कुणी विचारायचं.

ता. ९, शनिवार

आठवडा संपला. काय शिकले? रिकाम्या हाताने हॉल ओलांडायचा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं. तोंडात घास असताना "कसं झालंय?" विचारायचं नाही. टेबलावरच्या सगळ्यांचे चमचे खाली आल्याशिवाय एकाचीही प्लेट उचलायची नाही, नाहीतर हळू जेवणाऱ्याला आपण खादाड आहोत असं वाटतं.

मी दिवसभर वाईट पाहुणी होऊन बसले. पाणी कोमट आहे, खुर्ची डुगडुगते, शेजारचा मोठ्याने हसतो, अशा तक्रारी केल्या. लंबू घाबरून प्रत्येक वेळी "हो" म्हणाला. मास्तरांनी मलाच समजावलं. चष्मेवालीने खुर्चीखाली घडी घातलेला नॅपकिन सरकवला आणि विचारलं, आता बरी आहे का? सहा जणांत तीच नैसर्गिक. जावयांनी माझ्या तोंडात घास असताना प्लेट ओढली. छापखान्यात कागद ओढत असतील तशी.

बोलले मी. चष्मेवालीला. "घास तरी गिळू देशील का माणसाला?" ती म्हणाली, बाई, मी तर अजून तिकडे... मी म्हटलं, उलट बोलायचं नाही. पुन्हा बोलली नाही ती. गुणी आहे.

ता. १२, मंगळवार

चष्मेवालीने आज चार ग्लास फोडले. ट्रेवर बारा होते, ट्रे कलला आणि गेले. गेल्या आठवड्यात हीच पोरगी पाण्याच्या प्लेटा घेऊन बदकासारखी तरंगत होती. आता दर दोन पावलांनी खाली आपल्या हातांकडे बघते. समोर न बघता चालणाऱ्याचं दुसरं काय होणार? काही जण सुरुवातीला चमकतात आणि मग उतरतात. मी असे खूप पाहिलेत.

हे चार ग्लास मात्र तिचे खरेच. लिहिले.

ता. १३, बुधवार

सुट्टी झाल्यावर जावई थांबले. कामावर ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना काहीच म्हणत नाही. "अहो" म्हणावं तर बाकीच्यांना कळेल, "अरे" म्हणायला जीभ वळत नाही. सरळ वाक्य टाळून टाळून माझी मान दुखायला लागली आहे.

ते म्हणाले, "मॅडम, दुपारी तुम्ही तिला बोललात ते, पाहुण्याकडे पाठ करून उभं राहण्याचं... ते माझं होतं. तिचं नव्हतं." मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, असू द्या हो, तुमच्या लक्षात आलं ना, झालं तर मग. ते आणखी काही बोलणार होते, पण मास्तर टोपी विसरले म्हणून परत आले आणि मी किल्ली शोधायला लागले.

उपाय लागू पडतोय याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला? जावयांना स्वतःहून कळतंय. अंगठा मात्र अजून दहातल्या सात वेळा आतच. जित्याची खोड.

ता. १५, शुक्रवार

विशेष काही नाही. नॅपकिनच्या घड्या. आज ट्रे न्यायची चष्मेवालीची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, बाई, माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवा. पाठवलं.

ता. १८, सोमवार

मालकीणबाई रजिस्टर घेऊन बसल्या. मी समोर उभी. पानं उलटताना त्या चहा ढवळत होत्या आणि चमचा कपाला लागत होता, टिंग टिंग.

चष्मेवालीच्या पानावर सतरा नोंदी. जावयांच्या पानावर तीन, त्याही नॅपकिनच्या. बाई म्हणाल्या, ही मुलगी मुलाखतीत मला चांगली वाटली होती. मी म्हटलं, अजून पाच दिवस आहेत. त्या म्हणाल्या, "तुमचं मन मऊ आहे. सतरा म्हणजे सतरा." मग जावयांच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, हे गृहस्थ नेटके दिसतात, वयही भारदस्त आहे, यांना पुढे हॉलचं बघायला देता येईल.

मी "हो" म्हणाले. आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

ता. १९, मंगळवार

आज मास्तर जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसले. विचारलं नसताना शाळेची गोष्ट सांगायला लागले. म्हणे, मुख्याध्यापकांचा मुलगा त्यांच्या वर्गात होता. त्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणून त्याच्या वाटची छडी ते शेजारच्या पोराला मारायचे. मुख्याध्यापकांचा मुलगा शेवटपर्यंत ढ राहिला आणि शेजारच्याने शाळा सोडली.

मी विचारलं, मग पुढे काय झालं? म्हणाले, पुढे काही नाही बाई, मी निवृत्त झालो. आणि डबा उचलून गेले. मास्तर माणसाला फळ्याशिवाय करमत नाही, गोष्ट कुठली कुठे नेतात.

पण रात्रीपर्यंत ती डोक्यातून गेली नाही हे खरं.

ता. २१, गुरुवार

लेक घरी येऊन गेली. कपाटाची आवराआवर केलीय म्हणाली. निवड झाली तर कपडे परत लावायचे, नाहीतर बॅगा तयार आहेत. तिची जाऊ फोनवर म्हणाली होती, या की, एक खोली रिकामी आहे, धुणीभांड्याला तेवढीच मदत होईल मला. मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, नाव घातलंय असं समज. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

संध्याकाळी आचाऱ्याशी भांडण झालं. सत्तावीस वर्षांपैकी एकोणीस वर्षं आम्ही एकत्र काढली आहेत, त्याच्या तोंडाला लगाम नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला सगळं दिसतं. म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी देतेस तू रोज. मला वाटलं होतं तुला लाज वाटेल, पण तू तर लिहूनसुद्धा ठेवतेस." मी म्हटलं, तू तुझी कढई बघ. तो म्हणाला, बघतोच आहे, तीन आठवडे करपल्याचा वास येतोय.

म्हणजे त्याला माहीत आहे. मग आणखी कुणाकुणाला?

ता. २३, शनिवार

संध्याकाळचे पाच वाजलेत. पाहुणे गेले. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी ते वेगळं आठवीन.

साठ माणसं, दहा टेबलं. पहिली वीस मिनिटं सुरेख गेली. पाणी, पाव, हसून बोलणं. लंबूने तर एका आजोबांचा कोट असा अलगद काढून घेतला की मी मनात टाळी वाजवली. मालकीणबाई दाराजवळ कंपनीच्या साहेबांबरोबर उभ्या होत्या.

मग सूप. वाफाळतं. सहा नंबरच्या टेबलावर कंपनीच्या एक वयस्कर बाई, फिकट रंगाची साडी. जावई सूप घेऊन निघाले आणि मी लांबूनच बघितलं, अंगठा आत. गरम सुपात अंगठा किती वेळ राहणार? टेबलापाशी पोचता पोचता त्यांचा हात उडाला आणि अर्धी प्लेट बाईंच्या मांडीवर.

बाई ओरडल्या. जावई पांढरे पडले, अंगठा मुठीत धरून उभे. आणि शेजारच्या टेबलावर पाव देणारी चष्मेवाली वळली, एका ढांगेत तिथे पोचली आणि म्हणाली, "माफ करा, माझी चूक झाली."

तिची चूक. ती पाच फुटांवर होती, पाठमोरी. पण तिने ते असं म्हटलं की खोटं बोलतेय असं वाटलंच नाही. मला वाटतं तिला स्वतःलाही तसंच वाटलं. कुठे काही सांडलं म्हणजे ते आपणच सांडलं असणार.

मग तिने जे केलं ते मी सत्तावीस वर्षांत कुणाला शिकवू शकले नाही. गार पाण्याचा नॅपकिन, दुसरा कोरडा, खुर्ची मागे, बाईंना हात देऊन आतल्या खोलीत नेलं, निऱ्या धुऊन, टिपून दहा मिनिटांत परत आणून बसवलं. बाई हसत होत्या. पण मालकीणबाईंनी दारातून फक्त दोन गोष्टी टिपल्या, आरडाओरडा आणि "माझी चूक झाली".

मी तीन पावलांवर उभी होते. मी मूग गिळले. जावयांनी तोंड उघडलं होतं, अगदी उघडलं होतं, आणि मी डोळ्यांनी त्यांना स्वयंपाकघराकडे जायची खूण केली. ते गेले.

जाताना मालकीणबाई म्हणाल्या, ती मुलगी नको, एवढं मला आधीच सांगून ठेवते.

रजिस्टर उघडून बसले आहे. आजच्या तारखेपुढे काही लिहिलेलं नाही.

ता. २४, रविवार

सकाळी लेकीचा फोन. म्हणाली, घरी आल्यापासून गप्प आहेत, अंगठ्याला पट्टी आहे, पण कार्यक्रम चांगला झाला ना गं? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग बॅगा उघडू? मी म्हटलं, उद्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लेकीचा संसार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कोण? एक परकी पोरगी, तीन आठवड्यांची ओळख. तिला दुसरीकडे काम मिळेल, तरुण आहे. असं मी दिवसभर स्वतःला समजावलं आणि दुपारी चार नावं कागदावर लिहिली. मास्तर, लंबू, धाकटा भाऊ, जावई. अक्षर छान आलंय.

ता. २५, सोमवार

मालकीणबाई दहाला येणार होत्या. मी आठला हॉल उघडला तर चष्मेवाली पायरीवर बसलेली.

म्हणाली, बाई, माझं नाव नाही हे मला माहीत आहे, भांडायला आले नाही. एकच विचारायचं आहे. तिने मांडणीवरून खोलगट प्लेट घेतली, पाणी भरलं आणि माझ्यासमोर चालून दाखवलं. गेली, वळली, आली. तळहातावर तोललेली, अंगठा बाहेर, कडेला नुसता टेकलेला. मी शिकवते त्याहून चांगला.

"यात अंगठा कुठे आत जातो?" तिने विचारलं. "मी रोज वहिनीच्या प्लेटा घेऊन करून बघते. मला दिसतच नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळेसुद्धा तपासून आले. डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे."

डोळे तपासून आली. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून पोरगी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली.

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, आत जात नाही. कधीच गेला नव्हता. तिने विचारलं, मग? मी म्हटलं, दहाला सांगते, सगळ्यांसमोर. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तेवढी हिंमत एकदाच गोळा होणार होती माझ्याने.

दहाला सगळे उभे राहिले. मालकीणबाई बसल्या, रजिस्टर पुढ्यात. मी लिहून आणलेला कागद हातात घेतला आणि तो न वाचता बोलले. म्हटलं, चष्मेवालीच्या पानावर ग्लासांच्या चार आणि दुसऱ्या एकदोन सोडल्या तर सगळ्या चुका दुसऱ्याच्या आहेत. शनिवारचं सूपही तिने सांडलं नाही. मग मी जावयांकडे वळले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"अंगठा तुमचा होता. प्लेट ओढणं तुमचं होतं. पाठ करून उभं राहणं तुमचं होतं. मी तुम्हाला बोलले नाही आणि तिला बोलले."

मला वाटलं ते निघून जातील. लेकीने सांगितलंच होतं. ते उभे राहिले. पट्टी बांधलेला अंगठा चोळत म्हणाले, "तीन आठवडे मी वाट बघत होतो की तुम्ही मला बोलाल. तुमच्या घरी मी पाहुणा, इथेही पाहुणा. पाहुण्याला कुणी काम शिकवतं का?"

मालकीणबाईंनी विचारलं, हे कोण तुमचे? मी म्हटलं, जावई. भावांपैकी थोरला खोकला. लंबू छताकडे बघत होता. कुणालाही नवल वाटलेलं दिसलं नाही. मी जे तीन आठवडे मान मोडून लपवलं ते सगळ्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. एकीला सोडून. चष्मेवाली माझ्याकडे बघत होती.

तिने विचारलं, "मग तुम्ही माझ्याकडे बघून का बोलत होतात?"

"तू ऐकून घेत होतीस म्हणून," मी म्हटलं. खरं तेच होतं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. भांडली असती तरी चाललं असतं. ती नुसती "बरं" म्हणाली.

मालकीणबाईंनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, चार नावं सांगा. मी सांगितली. मास्तर, लंबू, धाकटा भाऊ, चष्मेवाली. बाई उठता उठता म्हणाल्या, तुम्हाला काढत नाही, काम तुम्हाला येतं. पण उद्यापासून रजिस्टर मास्तर लिहितील. मी मान हलवली. जावयांनी एप्रन घडी करून टेबलावर ठेवला, नीट, चार घड्या, मी शिकवली तशी, आणि सगळ्यांना नमस्कार करून गेले.

घरी येऊन लेकीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "तू स्वतः नाव काढलंस?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

ता. २८, गुरुवार

हॉल सुरू झाला. गर्दी. लेक फोन उचलत नाही. तीन दिवस झाले. काल तिच्या घरापर्यंत जाऊन आले. दाराला कुलूप नव्हतं, आत दिवा होता. बेल वाजवायला हात वर झाला नाही. बॅगा भरून चालल्या असतील तर ते मला बघायचं नव्हतं.

ता. ३, बुधवार

लेकीने स्वतः फोन केला. आवाज कोरडा होता, पण केला. दिराच्या गावी गेले नाहीत. जावयांनी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ताटं वाढायचं काम धरलंय. रुजू होतानाच त्यांनी तिथल्या मुख्याला सांगितलं, मला काही येत नाही, चुकलं की तोंडावर बोला. तो मुख्य फार शिवराळ आहे म्हणे. दिवसभर ओरडतो. आणि हे घरी येऊन त्याच्या नकला करून दाखवतात, आठ महिन्यांनी घरात हसणं आहे. "पण मी तुझ्यावर रागावलेली आहेच," ती म्हणाली. मी म्हटलं, राहा रागावलेली, फोन कर म्हणजे झालं.

फोन ठेवल्यावर खूप रडले. बरं वाटलं.

ता. ६, शनिवार

चष्मेवालीला खोली मिळाली, असं मास्तरांकडून कळलं. मला ती सांगत नाही. बोलते, पण कामापुरतं. बाई, चार नंबरला पाणी. बाई, दोन नंबर उठले. चूक कुणाचीही असो, तोंडातून आधी "माफ करा" निघतं तिच्या. परवा लंबूच्या हातून चमचा पडला तेव्हासुद्धा स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

आज दुपारी एक म्हातारे पाहुणे एकटेच जेवायला आले होते. हात थरथरत होता त्यांचा, चमचा तोंडापर्यंत जाईना. पोरीने कुणाला काही न विचारता त्यांची खोलगट प्लेट नेली आणि तेच सूप दोन कानांच्या कपात घालून आणलं. पुढ्यात ठेवताना अशी उभी राहिली की बाकीच्या टेबलांना त्यांचा हात दिसू नये. म्हातारबुवा दोन्ही हातांनी कप धरून सगळं सूप प्यायले.

ती रिकामा कप घेऊन माझ्या समोरून जात होती. मी तिला थांबवलं. तिच्या तोंडाकडे बघून, हॉलमध्ये ऐकू जाईल असं म्हटलं, "फार छान केलंस."

तिने मागे वळून बघितलं, मी कुणाला म्हणतेय ते. मागे कुणी नव्हतं.